नावेत पाणी, ट्रकात नाव

केळी वाहायला काय अक्कल लागते, असं जो म्हणतो त्याने केळी फक्त खाल्लेली असतात. दाबून भरली तर ती काळी पडतात आणि सैल भरली तर दिल्लीपर्यंत नाचत जातात. कापसाची तऱ्हा आणखी निराळी. वजनाला तो काही नाही, पण फुगून ट्रकच्या दोन्ही अंगांनी असा बाहेर येतो की धरणगावहून निघालेली गाडी समोरच्याला गादीचं दुकान वाटावी. वारा सुटला की मग गाडी तुम्ही चालवत नाही, कापूस चालवतो. पिंप्राळ्यातल्या माझ्या घरासमोर तीसेक वर्षं एक सहाचाकी ट्रक उभा असायचा. तो विकून आता बराच काळ झाला, तरी रिक्षावाले अजून त्या जागेला ‘ट्रकपाशी’ असंच म्हणतात. ऐकून मला फार बरं वाटतं, खोटं कशाला बोलू!

पण संपादकांनी मला केळी-कापसावर लिहायला सांगितलेलं नाही. त्यांना ‘वाकडा माल’ हवाय. जो माल चौकोनी नाही, ज्याला पोत्यात घालता येत नाही आणि ज्याचा मालक गाडी सुटेपर्यंत चार वेळा रडतो, त्याला आमच्या अड्ड्यावर वाकडा माल म्हणत. असा माल आला की बाकीचे ड्रायव्हर एकदम चहा प्यायला उठायचे आणि मी पुढे सरकायचो. मला त्याची चटकच होती. एकदा यात्रेतला आकाशपाळणा सुटा करून नेला, तर त्याचा मालक केबिनमध्ये बसेना. मागे पाळण्याच्या डब्यात बसून, ऐटीत पानाची पिंक टाकत आला. एकदा नवरदेवाची घोडी नेली. ती चढली झोकात, पण उतरायचं नाव घेईना. शेवटी कालव्याच्या भरावाला गाडी मागून लावली आणि वऱ्हाड तिथेच बोलावून घेतलं. नवरदेव थेट माझ्या ट्रकातून घोडीवर बसून लग्नाला गेला. त्या घरातली माणसं अजून भेटली की मला व्याही म्हणतात.

तर एका उन्हाळ्यात दुपारी फोन आला.

“डायवर भाऊ का?”

“बोला.”

“नाव लई जानी शे.”

“कुठून कुठे?”

“आम्हना गावथून समुद्रले.”

मी म्हटलं, बाबा, नाव तर पाण्यातून जाते, तिला ट्रक कशाला? तिकडचा आवाज अगदी शांतपणे म्हणाला, “मधमां मोठं धरन शे, भाऊ. नाव त्यानावर चढस नही.”

हे जामसिंग आबा. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला त्यांचं गाव. जमातीने पावरा. पाऊस झाला तर शेती, एरवी मोहाची फुलं, डिंक, मजुरी आणि गावाजवळच्या धरणात मासेमारी. त्या धरणाची नदी पुढे तापीला मिळते, आणि तापी मिळते समुद्राला. त्या मुखावरच्या एका संस्थेने आदिवासी आणि कोळ्यांच्या जुन्या घडणीच्या नावांचा मेळा भरवला होता. देशभरातून नावा येणार होत्या. आमच्या भागातून बोलावणं होतं ते एकट्या जामसिंग आबांच्या नावेला.

मी गाडी घेऊन गेलो. धरणाच्या काठावर आबा आणि त्यांची बायको दितलीअक्का उभे. दोघंही सत्तरीच्या आसपासचे. आबा उंच, सावकाश बोलणारे. अक्का ठेंगणी, काटक आणि तोंडाने दोघांचं पुरं करणारी. आपसात ते त्यांच्या बोलीत बोलत, मी जवळ असलो की अहिराणीत. पाणी समोर लख्ख दिसत होतं, नावेचा मात्र पत्ता नव्हता.

“नाव कोठे शे, आबा?”

“पानीमां बुडायेल शे.”

एवढ्या लांबून रिकामी गाडी आणली आणि नाव बुडाली! मी अक्काला म्हणालो, फार वाईट झालं. तर ती पदर तोंडात कोंबून हसायलाच लागली. आबा कमरेएवढ्या पाण्यात गेले, खाली वाकले आणि एक दगड वर काढून काठावर टाकला. मग दुसरा काढला. मग तिसरा. दहाबारा दगड निघाले तसं त्यांच्या पायाशी काहीतरी काळं, लांब हललं आणि म्हशीने पाण्यातून पाठ काढावी तशी नाव वर आली.

मग मला रीत कळली. ही नाव फळ्यांची नव्हे. सागाचं एकच खोड आतून कोरून केलेली. असली नाव उन्हात पडली की तडकते आणि एकदा तडकली की तिला सांधा नाही. म्हणून काम नसेल तेव्हा तिच्यात दगड भरून तिला पाण्याखाली ठेवायची. नाव बुडवून ठेवणं हीच नाव सांभाळण्याची पद्धत. त्यांच्या लग्नाच्या वर्षी अक्काच्या बापाने ते खोड दिलं होतं आणि दोघांनी मिळून ते कोरलं होतं. तसलं झाड आता तोडू देत नाहीत आणि तोडू दिलं तरी आबांचा खांदा आता लाकूड कोरायचा वाकस उचलू देत नाही. म्हणजे ही गेली की दुसरी नाही. अक्काने मला हे सगळं एका दमात सांगितलं आणि वर बजावलं, “भाऊ, नाव कोल्ली पडी तं मरी जाई. वाटमां कोल्ली पडू देवानी नही.”

कोल्ली म्हणजे कोरडी. आणि बाहेर उन्हाळा असा की ट्रकच्या बॉनेटवर भाकरी भाजून निघाली असती.

“मंग काय करानं, अक्का?”

“नावमां पानी भरी दे.”

आता वाचकहो, इथे माझा धंदा थोडा समजून घ्या. ट्रकवाल्याला दगड, लोखंड, गाय, म्हैस सगळं चालतं, पण अर्धं भरलेलं पाणी चालत नाही. वळणावर गाडी डावीकडे गेली की पाणी उजवीकडे धावतं आणि एवढ्या जोरात धडकतं की गाडी त्याच्या मागे जाते. टँकरवाले म्हणून एकतर गच्च भरतात नाहीतर पूर्ण रिकामा करतात. नाव गच्च भरली असती तर गाडीचं ओझं पेलणारे पाटे मोडले असते आणि रिकामी ठेवली असती तर अक्काने मला मोडलं असतं. तासभर वाद झाला. शेवटी मी पोत्यांत गवत ठासलं आणि ती पोती नावेत थोड्याथोड्या अंतरावर आडवी दाबून बसवली, म्हणजे पाण्याला पळायला जागा राहू नये. आत गुडघ्याच्या थोडं खाली येईल एवढं पाणी घेतलं, बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलं. नावेचं शेपूट ट्रकच्या बाहेर हातभर आलं होतं, त्याला नियमाप्रमाणे लाल फडकं बांधलं. अक्का नावेशेजारी मागेच बसली, मांडीवर एक डेगची घेऊन. कुठे कोरडं दिसलं की डेगची उलटी. आबा केबिनमध्ये माझ्या शेजारी, दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून.

आयुष्यात मी अनेक वराती पाहिल्या, पण तसली नाही. आमच्या गाडीतून पाणी ठिबकत होतं आणि रस्ताभर लोक वळून बघत होते. सोनगीरला चहाला थांबलो तर पाच मिनिटांत गर्दी. किल्ल्याच्या बाजूने एक म्हातारबा काठी टेकत आले, टाचा उंचावून आत डोकावले आणि मला म्हणाले, “काय रे भो, नाव पानीमां ठेवतस का पानी नावमां?”

“दोन्ही, नाना. हाई नाव वाटमां पानी प्यास.”

मी आपला चेष्टेने बोललो. पण तिथल्या एका घरातली बाई आत गेली आणि तांब्याची घागर भरून घेऊन आली. उन्हाळ्यात त्या भागात घागरभर पाणी म्हणजे काय ते तिथल्या माणसालाच ठाऊक. तिने ती नावेत ओतली, नावेच्या नाकाला हळदकुंकू लावलं आणि हात जोडले. मग दुसरी आली, मग तिसरी. कोणी नारळ फोडला. दितलीअक्का आधी गोंधळली, मग मागे ताठ बसून तिने दोन्ही हातांनी सगळ्यांना आशीर्वाद द्यायला सुरुवात केली. मी बोंब मारली, “अक्का, पुरे! पाटे मोडतील!” तर म्हणते कशी, “तुना पाटा लोखंडना शेतस, भाऊ. मनी नाव लाकूडनी शे.”

पुढे धुळ्याच्या अलीकडे पोलिसांनी अडवलं. काय माल? नाव. आत काय? पाणी. कुठे चाललात? समुद्राला. साहेबांनी टोपी काढली, घाम पुसला आणि माझं तोंड हुंगलं. मी शुद्धीवर आहे याची खात्री झाल्यावर त्यांची फारच पंचाईत झाली. शेवटी त्यांनी नावेसोबत एक फोटो काढून घेतला आणि सोडलं.

कोंडाईबारीचा घाट मी असा उतरलो की सासरी निघालेली पोरसुद्धा एवढी हळू चालत नाही. प्रत्येक वळणाला आबा डोळे मिटत आणि मी मागच्या पाण्याचा आवाज ऐकत. गवताची पोती जागची हलली नाहीत. नवापूरला मुक्काम केला तेव्हा मी स्वतःवर इतका खूश होतो की दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन वर चढायच्या आत आम्ही तापीच्या मुखाशी पोचलो. तापी तिथे रुंद होत होत कधी समुद्र होते ते कळत नाही. बांधापर्यंत पाणी टेकलेलं, गढूळ, तपकिरी, सगळीकडे नुसतं पाणी. आबा खाली उतरले आणि बघतच राहिले.

“हाऊ तं आपला तापीना पूर शे!”

“ओ माय!” अक्का म्हणाली. “आनी तिकडला काठ कोठे शे?”

काठावर तऱ्हेतऱ्हेच्या नावा मांडलेल्या. दक्षिणेकडून आलेली एक तर नुसतेच ओंडके दोरीने बांधलेली, आणि तिचा मालक म्हणे त्यावर बसून खोल समुद्रात जातो. बेटांवरून आलेल्या एका कोरीव नावेला बाजूला लांब दांडा जोडलेला, लाटेने कलंडू नये म्हणून. आबा प्रत्येक नावेपाशी जाऊन तिला टिचकी मारत, कान लावत आणि मान डोलवत. भाषा एकालाही कोणाची येत नव्हती, पण टिचकी सगळ्यांना कळत होती. मेळा भरवणाऱ्या संस्थेच्या ताईंनी हातातल्या भोंग्यावरून सांगितलं, संध्याकाळच्या भरतीला सगळ्या नावा एका रांगेत व्यासपीठासमोरून जातील.

संध्याकाळला अवकाश होता आणि ऊन तापायला लागलं होतं. आबांनी आणि अक्काने मग जे केलं ते जन्मभर करत आले होते. दहाबारा जणांनी नाव उचलून पाण्यात नेली, सगळे वर आले आणि आबांनी कमरेएवढं पाणी बघून, बांधाकडचे दगड आत रचून तिला व्यवस्थित बुडवलं. वर खूण म्हणून एक काठी रोवली. मग आम्ही ट्रकच्या सावलीत ताडपत्री टाकून आडवे झालो. वाटभर न झोपलेली अक्का क्षणात घोरायला लागली.

जाग आली ती आबांच्या हाकेने.

“भाऊ, ऊठ! समुद्र कोठे गया?”

मी उठून बसलो आणि माझंही डोकं चालेना. समुद्र नव्हता! सकाळी जिथे पाणी होतं तिथे चिखलाचं मैदान, दूर नजर जाईल तिथपर्यंत, चकाकतंय. भरती-ओहोटी मी शाळेत शिकलो होतो, चंद्राच्या चित्रासकट. मुंबईच्या गोद्यांबाहेर शेकडो वेळा गाडी लावून समुद्राकडे पाठ करून झोपलोही होतो. पण समुद्र असा घर सोडून जातो हे काही मला कोणी सांगितलं नव्हतं. आबा तर दुसऱ्याच विचारात होते. पाऊस नाही, तर पाणी चढत नाही. आणि उतरतं कधी? कोणीतरी अडवलं तर.

“कोनी तरी वरथून धरनना दरवाजा बंद कया,” ते म्हणाले. “वर जाईसन सांगाले जोयजे.”

बांधापासून बऱ्याच लांब, त्या चिखलात आमची काठी उभी होती. आणि काठीशी नाव. दगडांसकट, चिखलाने अर्धी भरलेली, अर्धी गिळलेली. आबा धावले. सकाळी अंगाला पाण्याचा आधार होता, आता चौथ्या पावलाला ते मांडीपर्यंत रुतले. त्यांना ओढताना मी रुतलो. मला ओढताना ताईंचा भोंगा रुतला.

तेवढ्यात चिखलावरून एक बाई आली. चालत नव्हे, घसरत. एका लांब फळीवर एक गुडघा टेकलेला, दुसऱ्या पायाने मागे ढकलत, सर्रकन. पाठीला टोपली. ही मणीबेन, तिथलीच. तिथल्या चिखलात लेवटा नावाचा मासा राहतो, तो ती बिळात हात घालून पकडते. तिने नाव बघितली, काठी बघितली, आमच्याकडे बघितलं.

“नाव कोणे डुबाडी?”

अक्काने अभिमानाने छातीवर हात ठेवला. मणीबेनने कपाळावर ठेवला. मग ती भराभरा बोलत सुटली. गुजराती आणि अहिराणी मावस बहिणी असल्यामुळे आम्हाला बहुतेक सगळं कळलं. पाणी कोणी अडवलेलं नाही, ते रोज जातं आणि रोज येतं. आता येईल तेव्हा जोरात येईल. नाव रिकामी आणि मोकळी असेल तर तरंगेल. पण अशीच दगड-चिखलाने जड राहिली तर गाळ तिला धरून ठेवेल, वरून आणखी गाळ बसेल आणि पुढच्या ओहोटीला काठीसुद्धा दिसणार नाही. इथे असं खूप काही गेलंय म्हणाली.

अक्काचा चेहरा उतरला. एवढ्या प्रवासात पहिल्यांदाच ती गप्प झाली आणि तिच्या त्या गप्प बसण्याने मला फार भीती वाटली. तिने फक्त विचारलं, “पानी कव्हय यी?”

मणीबेनने चिखलात बोट दाखवलं. बारके बारके खेकडे इकडेतिकडे पळत होते. हे बिळात शिरून आतून तोंड लिंपायला लागले, की समजायचं पाणी निघालं.

आता मला सांगा, हातात काम आणि समोर खेकड्याचं घड्याळ असल्यावर माणूस काय करील? मी ट्रककडे धावलो. मागचा लाकडी फाळका काढला, बाजूचे काढले, ताडपत्री घेतली, दोरखंड घेतला, जॅक घेतला. माझ्या लाडक्या गाडीचा नुसता सांगाडा राहिला. चिखलावर फाळके पुढेमागे टाकत आम्ही निघालो. फाळक्यावर उभं राहायचं, मागचा उचलून पुढे टाकायचा, त्यावर जायचं. ताई चिखलातून उपसलेल्या भोंग्यावरून ओरडल्या आणि सगळ्या नावांची माणसं आली. बेटांवरचे आले, ओंडक्यांवाला आला. कोणी पोटावर सरकत, कोणी गुडघ्यावर. पंधरा मिनिटांत कोण कुठल्या मुलखाचा ते ओळखू येईना, सगळे एकाच रंगाचे झाले होते.

दगड हातोहात बाहेर काढले, त्यांच्याखालचं वल्हंही निघालं. अक्का नावेत बसून डेगचीने चिखल उपसत होती आणि तिचा आवाज आता परत आला होता. समुद्राला, आबांना आणि मला ती आळीपाळीने शिव्या घालत होती. नाव रिकामी झाली, पण हलेना. खालून गाळाने तिला असं धरलेलं की वीस माणसांनी ओढूनही ती इंचभर सरकली नाही. आबांनी जोर लावणं थांबवलं आणि नावेच्या कडेवर नुसता हात ठेवून उभे राहिले.

तेव्हा मी म्हणालो, ओढू नका. उचलू.

पंक्चर काढणाऱ्या माणसाला एवढं कळतं. नावेच्या नाकाखाली फाळका सारला, फाळक्यावर जॅक बसवला आणि त्यात टॉमीचा लोखंडी दांडा घालून मारायला लागलो. फाळका खाली जायचा, नाव जागची जागी. दुसरा फाळका त्यावर टाकला. परत दांडा. मणीबेन ओरडली, “जल्दी करो, करचला घूसे छे!” खेकडे बिळांत शिरत होते. मी खाली बघायचं सोडून दांडा मारत राहिलो. आणि एकदम, पोट साफ झाल्यासारखा एक मोठा आवाज आला. गाळाने श्वास सोडला आणि नाव नाकाकडून वर उचलली गेली. वीस माणसं एका वेळी ओरडली. दक्षिणेतल्या ओंडक्यांवाल्याने माझा चिखलाचा गाल चाटून पुसल्यासारखा मुका घेतला. मला आजवर एवढ्या प्रेमाने कोणीच वागवलेलं नाही, घरच्यांची माफी मागून सांगतो.

मागचं टोक उचलेपर्यंत पाणी आलं. आलं म्हणजे लाटा-बिटा नाहीत. चिखलात एक पांढरी रेघ दिसली, मग ती पायाशी आली, मग घोट्याला आणि मग गुडघ्याला. सगळे फाळक्यांवरून बांधाकडे पळाले. मी जॅक काढायला वाकलो होतो. मला पोहता येत नाही. तापीच्या पुलावरून हजारदा गाडी नेली, पण खाली उतरून कधी पाय बुडवला नाही, याचा पश्चात्ताप मला त्या क्षणी भरपूर झाला. मागे बघतो तो बांधापर्यंत पाणीच पाणी. आबांनी नावेत उडी घेतली, अक्काने माझी कॉलर धरली आणि पोतं चढवावं तसं मला आत घेतलं. जॅक समुद्राने ठेवून घेतला.

आणि नाव तरंगली.

फाळके आमच्या भोवती तरंगत होते, मणीबेन आपली फळी बगलेत धरून बांधावर पोचली होती आणि व्यासपीठावर ढोल वाजायला लागले होते. आबांनी वल्हं उचललं. रांगेत जायचं होतं, व्यासपीठासमोरून. पण पाण्याने नाव धरली आणि आम्ही निघालो ते भलतीकडेच. व्यासपीठ आलं, गेलं. ताई भोंग्यावरून ओरडत होत्या, “आबा, इकडे! इकडे वळा!” आबा वल्हं मारत होते आणि नाव जुमानत नव्हती. लोकांना वाटलं आम्ही मुद्दाम वेगात चाललोय, त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मी दोन्ही हातांनी नावेच्या कडा धरून देवाची नावं घेत होतो. बांधावरून मणीबेनचा आवाज आला, “हलेसां मूकी दो! बेसी रहो! पाणी लई जशे, पाणी पाछां लावशे!” वल्हं ठेवा, बसून राहा, पाणी नेईल आणि पाणीच परत आणील.

आबांना ते पटेना. जन्मभर त्यांनी पाण्याशी झगडून नाव आणली होती. नदी एकाच दिशेला जाते आणि माणसाला घरी यायचं तर वल्हं मारावं लागतं, एवढंच त्यांना ठाऊक. पण अक्का नावेच्या नाकाशी बसून पुढे बघत होती आणि ती एकदम उभीच राहिली.

“ओ बुढा, ठेव ते वल्हं! देख! पानी उलटं चालनं!”

आम्ही बघितलं. समुद्र मागे पडत होता. दोन्ही बाजूंचे काठ जवळ येत होते. ही तापी होती आणि ती वर चालली होती. समुद्राकडून घराकडे, आम्हा तिघांना घेऊन, वल्ह्याशिवाय.

“भाऊ,” अक्का मला म्हणाली, “आठेथून शिरपूर कितलं व्हई?”

सवयीने मी सांगून टाकलं, अडीचशेच्या वर किलोमीटर, मधे धरण.

“व्हऊ दे,” ती म्हणाली. “जासूत.”

आणि ती हसायला लागली. आबा हसायला लागले. नावेच्या कडा न सोडता मीसुद्धा हसायला लागलो. तिघं म्हातारे, नखशिखांत चिखलाचे, एका खोडात बसून पोटं धरून हसत होतो आणि नाव आपली चालली होती. आबांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि हात पाण्यात सोडला. काठावरची गुरं, झोपड्या, कपडे धुणाऱ्या बाया मागे गेल्या. आम्ही सगळ्यांना हात केले.

मग पाण्याचा वेग कमी झाला. कमी होत होत नाव हळू झाली आणि नदीच्या मधोमध थांबली. वरही नाही, खालीही नाही. आता पाणी माघारी फिरणार, हे आम्हाला कोणी सांगायची गरज नव्हती. अक्काने मागे वळून आबांकडे बघितलं. आबांनी वल्हं उचललं आणि वरच्या बाजूला, घराच्या दिशेने, पाण्यात घातलं. एक हात मारला, दुसरा मारला. अक्काने दुसऱ्या बाजूने हाताच्या ओंजळीने पाणी मागे लोटायला सुरुवात केली. मी डेगची घेतली, पोहता येत नाही हे विसरून कडेवर ओणवा झालो आणि जिवाच्या आकांताने वल्हवायला लागलो.

“अजून थोडं, भाऊ!” अक्का ओरडत होती. “अजून थोडं!”